पहिली एकांकिका स्पर्धा आणि पोटातला गोळा: दडपणाला कामाला कसं लावायचं

जुलै संपत आला की पुण्यातल्या कॉलेजांमध्ये एखादा रिकामा वर्ग, जिन्याखालची जागा, नाहीतर पार्किंगचा कोपरा संध्याकाळनंतर एकांकिकेवाल्यांच्या ताब्यात जातो. बाहेर पाऊस, आत तालीम. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा घेते आहे. डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे यांच्यापासून आजच्या कितीतरी नटांपर्यंत अनेक जण या स्पर्धेतून पुढे आले. त्यामुळे ही स्पर्धा जिथे होते त्या भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या एफवायच्या मुलाच्या खांद्यावर स्वतःच्या भूमिकेबरोबर या सगळ्या इतिहासाचंही ओझं येऊन बसतं. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरची आयएनटी स्पर्धा आहे, चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका आहे, राज्यभर लोकसत्ताची लोकांकिका आहे. स्पर्धा कुठलीही असो, पोटातला गोळा तोच.

ज्यांची यंदा पहिलीच स्पर्धा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नट, लेखक, दिग्दर्शक, लाइट्सवाला, म्युझिकवाली, प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळणारा, सगळ्यांसाठी. बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांबरोबर तालमी करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे: ‘टेन्शन घेऊ नकोस’ या वाक्याचा कुणालाही उपयोग होत नाही. टेन्शन जात तर नाहीच, वर ते लपवायचं एक नवं काम त्या पोराच्या मागे लागतं. म्हणून माझं म्हणणं असं की दडपण आलंय ना, येऊ दे, त्याला तालमीत एखादं काम द्या. ज्या दडपणाला काम मिळतं ते तुमच्याकडून असं काही करून घेतं, जे निवांतपणी कधीच सुचलं नसतं. ज्याला मिळत नाही ते तुम्हालाच खात बसतं. आता हे करायचं कसं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी वही घ्या

भूमिका मिळाली किंवा काम वाटून दिलं गेलं, की त्याच रात्री वहीत लिहून काढा: मला नेमकी कशाची भीती वाटते आहे? ‘मला स्टेजची भीती वाटते’ असं लिहू नका. त्या वाक्याचं पुढे काहीच करता येत नाही. ‘बाबांना उलट उत्तर देतो त्या वाक्याला माझा आवाज वर चढतो आणि फाटतो’ असं लिहा. याचं करता येतं. उद्याच्या तालमीत ते वाक्य खालच्या पट्टीत दहा वेळा म्हणून बघता येतं.

लिहायला बसलात की लक्षात येईल, सगळी भीती एका जातीची नसते. काही भीती कामाची असते: पाठांतर कच्चं आहे, एन्ट्री चुकते, ब्लॅकआऊटमध्ये खुर्ची सापडत नाही. काही लोकांची असते: सीनियर काय म्हणतील, मागच्या वर्षी कॉलेजने करंडक आणला होता, यंदा आपल्यामुळे गेला तर? आणि काही नाटकाच्या बाहेरची असते: सबमिशन, हजेरी, रात्री उशिरा घरी येण्यावरून होणारी बोलणी.

बाहेरची भीती आधी निपटून टाका. विभागप्रमुखांना तालमींच्या तारखा आधी सांगा, घरच्यांना दिग्दर्शकाचा नंबर द्या, शेवटच्या लोकलचं किंवा परत सोडायला येणाऱ्या गाडीचं नक्की करा. कामाच्या भीतीला तालीम हाच उपाय आहे. उरली लोकांची भीती. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे, कारण ती नुसत्या तालमी वाढवून कमी होत नाही, उलट प्रयोग जवळ येईल तशी फुगते.

बॅकस्टेजच्या मुलांनीही ही वही करावी. लाइट्सवाल्याचा ब्लॅकआऊट क्षणभर उशिरा पडला, तर मेलेला नट उजेडात उठून चालायला लागतो. ज्याच्या हातात एवढं आहे त्याला दडपण येणारच.

२. अंगात काय चाललंय ते समजून घ्या

एन्ट्रीच्या आधी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात, नुकतंच जाऊन आलेलं असूनही पुन्हा बाथरूमला जावंसं वाटतं. नव्या मुलाला वाटतं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय, बाकीचे बघा कसे शांत आहेत. बाकीचेही शांत नसतात. समोर मोठं काम आहे असं मेंदूने ठरवलं, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, स्नायूंना जास्त रक्त मिळतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पचनाचं काम तात्पुरतं मागे पडतं, म्हणून लाळ आटते. नेहमीपेक्षा जास्त ताकद लागणार म्हणून शरीराने केलेली ही तयारी आहे. निकालात आपल्या कॉलेजचं नाव ऐकल्यावर जी धडधड होते, तिच्यातही शरीराचं बरंचसं काम हेच असतं. फरक पडतो तो आपण तिला काय म्हणतो त्याने.

अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावलं, भाषण करायला लावलं, घड्याळ लावून गणितं सोडवायला दिली. त्याआधी काहींना मोठ्याने म्हणायला सांगितलं होतं, ‘मी उत्साहात आहे.’ ही माणसं जास्त सुरात गायली. भाषणातही, ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ती जास्त प्रभावी वाटली. कारण उघड आहे. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हणणं म्हणजे वेगात असलेल्या गाडीचा ब्रेक दाबणं. त्याच वेगाला दिशा देणं सोपं जातं. तेव्हा विंगेत ‘शांत हो, शांत हो’ असा जप करू नका. ‘चला, आता मजा येणार’ म्हणा, आणि तोंडाने म्हणा.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक नव्या ग्रुपला सांगतो, ती झुरळांची. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली असं मांडलं की कुणी बघत असलं, की आपल्याला जे पक्कं येतं ते जास्त चांगलं होतं आणि जे कच्चं आहे ते आणखी बिघडतं. पुढे १९६९ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे झुरळांवर तपासलं. उजेडापासून सरळ वाटेने पळायचं असेल तेव्हा, बाजूच्या पारदर्शक खोक्यांत बसलेली दुसरी झुरळं ‘प्रेक्षक’ असली की झुरळ जास्त वेगाने पळालं. वाट वळणाची, शोधून काढावी लागणारी असली, की प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला.

नटासाठी याचा अर्थ सरळ आहे. भरलेल्या नाट्यगृहाचं दडपण तुमची पाठ झालेली वाक्यं उचलून धरेल आणि अर्धवट पाठ झालेली पाडेल. पाठांतर लवकर संपवा असं दिग्दर्शक कानीकपाळी ओरडतो तो शिस्तीसाठी ओरडतो असं समजू नका. प्रयोगाच्या निदान तीन आठवडे आधी संहिता हातातून सुटली पाहिजे. सुटली की नाही हे तपासायचं कसं? चपलेचा बंद लावता लावता, भांडी विसळताना, जिना चढताना वाक्यं म्हणून बघा, भावना न घालता, भराभर. अडखळलात त्या जागेवर खूण करा. प्रयोगातही बहुधा तिथेच अडणार असता.

३. दडपणाच्या हातात काहीतरी द्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो.

एका एकांकिकेत मुलगा भांडून घर सोडून जातो, असा प्रवेश होता. आईला वाक्यं मोजकी, बाकी नुसतं ऐकायचं. ही भूमिका करणारी मुलगी पहिल्या वर्षाला होती. वाचनात तिचा आवाज सुंदर लागायचा. उभी तालीम सुरू झाली आणि तिचे हात थरथरायला लागले, मागच्या बाकावरून दिसतील इतके. मग तिने ते पदरात गुंडाळले, मग घडी घालून छातीशी धरले, शेवटी पाठीमागे नेले. जो तो सल्ला देत होता. ‘अगं, हात सैल सोड.’ ‘श्वास घे.’ ‘आमच्याकडे बघूच नकोस.’ प्रत्येक सल्ल्यानंतर तिचं लक्ष आणखी हातांकडे जायचं आणि हात आणखी थरथरायचे.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी घरून धान्य पाखडायचं एक सूप आणलं आणि त्यात तांदूळ. तांदळात खरे खडे मिसळले. तिला एवढंच सांगितलं: प्रवेश संपेपर्यंत सगळे खडे निघाले पाहिजेत, नंतर आम्ही मोजणार. निवडण्याचा अभिनय चालणार नाही, निवडायचेच.

पहिल्यांदा काय व्हायचं तेच झालं. खडा शोधण्याच्या नादात तिचा क्यू, म्हणजे वाक्य घ्यायची खूण, हुकला. मुलगा दारात उभा राहून वाट बघतोय आणि आई सुपात. सगळे हसले, तीही हसली, आणि त्या हसण्यात तिचे खांदे पहिल्यांदा खाली आले. पुढच्या खेपेला ती निवडताही होती आणि ऐकतही होती. मुलगा म्हणाला, ‘मी जातोय.’ तिचा हात सुपावर थांबला. चिमटीत खडा. हात थरथरत होताच, पण आता त्या थरथरीने चिमटीतले चार दाणे सुटले आणि सुपावर पडले. तेवढा आवाज त्या सबंध वर्गात ऐकू आला. मुलगा निघून गेला. तिने चिमटीतल्या खड्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा तांदळातच टाकला.

हे संहितेत नव्हतं. दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं, तिनेही ठरवलं नव्हतं. थरथर तीच होती, पण आता ती आईची झाली होती, आणि प्रयोगापर्यंत त्या प्रवेशात आम्ही दुसरं काही बदललं नाही. ही मुलगी धीट झाली आणि मग चांगलं काम केलं, असा क्रम इथे नव्हता. तिच्या भीतीला खडे निवडायला मिळाले आणि त्यातून एक नटी दिसायला लागली.

तुमच्या भूमिकेसाठी असं काम शोधताना तीन गोष्टी बघा. काम खरं हवं, म्हणजे ते झालं की नाही हे शेवटी कळलं पाहिजे. खोटा चहा पिण्यात दडपण रमत नाही, गरम चहा कपातून बशीत ओतताना रमतं. काम त्या पात्राच्या आयुष्यातलं हवं. आणि ते इतकं मोठं नको, की समोरच्याचं ऐकणंच बंद होईल.

काही भूमिकांना हाताला काही देता येत नाही; कोर्टात उभा राहून बोलणारा माणूस काय निवडणार? तिथे काम समोरच्या नटावर ठेवा. या प्रवेशात मला याला हसवायचंय, याला खाली बसायला लावायचंय, याच्याकडून एकदा तरी ‘हो’ वदवून घ्यायचंय. वाक्य कसं म्हणायचं हा विचार सोडून समोरच्यावर परिणाम झाला की नाही हे बघा. ज्याचं लक्ष समोरच्याकडे आहे, त्याला स्वतःकडे बघत बसायला सवडच मिळत नाही.

लाइट्सवाल्याने क्यू-शीटवर, म्हणजे उजेड कधी बदलायचा त्या यादीवर, फक्त वाक्य न लिहिता नटाची हालचाल लिहावी: ‘चष्मा काढतो, श्वास सोडतो, मग फेड.’ म्हणजे त्याची नजर स्वतःच्या कापणाऱ्या बोटावरून नटाच्या श्वासावर जाते. म्युझिकवालीचंही तसंच. नव्या दिग्दर्शकाला सगळ्याचंच दडपण असतं. त्याने रोजच्या तालमीला एकच प्रश्न घेऊन यावं. आज फक्त एवढंच शोधायचं की बहीण खोटं का बोलते. बाकी सगळं कच्चं राहिलं तरी आज चालेल.

४. स्पर्धा तालमीत आणा, थोडी थोडी

बंद दाराआड महिनाभर तालीम करायची आणि थेट भरलेल्या नाट्यगृहासमोर जायचं, ही पद्धत मला बिलकूल पटत नाही. दडपण पचवायची सवय हळूहळू लागते. आधी वॉचमन काकांना बोलवा. मग दुसऱ्या विभागाची चार मुलं. मग मागच्या वर्षीचे सीनियर, त्यांच्यासमोर करणं सर्वांत अवघड असतं. मग ज्यांना तुमचा विषयच पटत नाही असं कुणीतरी. दर वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. चूक झाली तरी मागे जायचं नाही.

आणखी एक सराव जरूर करा, तो ब्लँक होण्याचा. ग्रुपमधल्या एकालाच गुपचूप सांगायचं की आज तू तुझं एक वाक्य गाळायचं. कुठलं, ते त्याने ठरवायचं. बाकीच्यांनी प्रवेश पुढे नेऊन दाखवायचा. पहिल्या दिवशी सगळे त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत बसतात. आठवडाभरात कुणीतरी त्याचं वाक्य प्रश्न करून विचारायला शिकतं: ‘तू काल डॉक्टरांकडे गेला होतास ना?’ आणि गाडी रुळावर येते. एकमेकांना सांभाळून घेण्याची ही ताकद ज्या संघात असते, त्याच्या नव्या नटाला एकटं पडल्यासारखं वाटत नाही. लोकांची भीती सगळ्यात जास्त कशाने कमी होत असेल तर याने.

शेवटचे काही रनथ्रू, म्हणजे न थांबता केलेल्या सलग तालमी, गोंगाटात करा. प्राथमिक फेरीत विरोधी कॉलेजं खुर्च्या वाजवतात, मागे कुणीतरी दार आपटतं, पावसाने पत्रा वाजतो. त्याची ओळख आधीच झालेली बरी.

५. जे नाही त्यातून शोधा

पैसे नाहीत, वेळ नाही, हॉल मिळत नाही. बहुतेक संघ या तक्रारींत अर्धा हंगाम घालवतात. एका संघाला चाळीची गॅलरी हवी होती. कठडा, खांब, पायऱ्या, काहीच परवडत नव्हतं. त्यांनी रंगमंचभर एक दोरी बांधली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले. शेजारणीशी भांडायचं झालं की बाई साडी बाजूला सारून डोकं काढायची, समेट झाला की साडी पूर्ण सरकायची. खरी गॅलरी मिळाली असती तर हे सुचलंच नसतं. पुरुषोत्तमचा भर पहिल्यापासून लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे, त्यामुळे मोठा सेट नसल्याने आपण मागे पडू ही भीती तर तिथे मनात आणूच नका.

वेळेच्या नियमाचंही तसंच. सादरीकरणाला आणि नेपथ्य लावायला किती मिनिटं आहेत ते त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत बघा, आणि पहिल्या वाचनापासून घड्याळ लावा. एकांकिका लांबली, की नवा लेखक प्रत्येक प्रवेशातलं एकेक वाक्य कातरत बसतो. त्याऐवजी प्रत्येक प्रवेशात काय बदलतं ते एका ओळीत लिहा. दोन प्रवेशांची ओळ एकच आली, तर त्यातला एक गेला. जीव तुटतो, मान्य आहे. पण आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हे बऱ्याच लेखकांना त्या कापाकापीतच कळतं.

६. कुठलं दडपण झुगारायचं

दडपणाला कामाला लावा असं म्हटलं म्हणजे काहीही सोसा असं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे छळाला शिस्त म्हणायची खोड आहे. ‘आमच्या वेळी सीनियरने कानाखाली मारली होती, म्हणून घडलो’ असं अभिमानाने सांगणारे अजून भेटतात. कामावर कठोर बोलणं वेगळं. ‘हे वाक्य खोटं वाटतंय, पुन्हा कर’ हे ऐकून घ्यायला शिका, शंभर वेळा ऐका. पण रंगावरून, जातीवरून, शरीरावरून, बोलीवरून कुणी घालूनपाडून बोलत असेल, रात्र रात्र जागवत असेल, घरी जाऊ देत नसेल, तर ते नाटकासाठी चाललेलं नाही. गावाकडून आलेल्या मुलाची बोली ही तर त्याची श्रीमंती आहे. ती पुसून काढायला सांगणाऱ्या दिग्दर्शकाला ऐकायचा कान नाही. अशा वेळी शिक्षकांना सांगा, एकटे जाऊ नका, मित्राला बरोबर घ्या.

झोप सलग उडाली, जेवण जात नाही, तालीम नसतानाही धडधड थांबत नाही, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्याला प्रयोगाचं टेन्शन म्हणून बाजूला सारू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो. एकांकिका पुढच्या वर्षीही करता येते.

७. प्रयोगाचा दिवस

सकाळी नवं काही करायचं नाही. नवा पॉज, नवी हालचाल, रात्री सुचलेली भन्नाट कल्पना, काही नाही. झुरळांची गोष्ट आठवा. हलकं जेवा, वडापाव प्रयोगानंतर. कोमट पाणी पीत राहा, पावसाळ्यात घसे लगेच धरतात.

नाट्यगृहात पोचल्यावर संधी मिळाली तर रिकाम्या रंगमंचावर एकदा चालून घ्या. शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीकडे बघून एक वाक्य म्हणा. आपल्या वस्तू स्वतः तपासा: चष्मा, पत्र, किल्ली. दुसऱ्याने ठेवली असेल या भरवशावर एन्ट्री घेऊ नका.

मग प्रेक्षागृहातून ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ सुरू होतं. तो आवाज विंगेत ऐकताना अंगावर काटा येतो. तुमच्या कॉलेजची पोरं ओरडत असतील तर त्यांचं प्रेम म्हणून घ्या, समोरची ओरडत असतील तर नाट्यगृह जागं आहे म्हणून घ्या. तिसऱ्या घंटेआधी नाकाने श्वास आत घ्या आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून तोंडाने सोडा, पाचसहा वेळा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचा वेग थोडा उतरतो, आणि आवाजाला टेकू मिळतो. तळपाय जमिनीवर दाबा. मग आपलं काम आठवा: खडे निवडायचे आहेत. किंवा त्याच्याकडून ‘हो’ काढायचं आहे. परीक्षकांची रांग कुठे आहे ते शोधू नका.

मधेच ब्लँक झालात तर? हातातलं काम चालू ठेवा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. त्याने शेवटचं काय म्हटलं ते मनात पुन्हा ऐका, त्याला त्या पात्राने काय उत्तर दिलं असतं ते स्वतःच्या शब्दांत द्या. प्रेक्षकांकडे संहिता नसते. तुम्हाला युगासारखा वाटलेला तो क्षण त्यांना बहुतेक वेळा चांगला पॉज वाटलेला असतो.

८. निकालानंतर

२०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही, असं ठरवून करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं आणि त्यावर बरीच चर्चाही झाली. निर्णय बरोबर की चूक यावर मतं वेगळी असू शकतात. पण त्या वर्षी पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलांनी तालमीत जे कमावलं होतं ते त्या निर्णयाने पुसलं गेलं, असं मला वाटत नाही. करंडक मिळेल की नाही हे दर वर्षी दुसऱ्याच्या हातात असतं. त्यासाठी काम केलंत तर निकालाच्या दिवशी रिकामे व्हाल, जिंकलात तरी.

परीक्षक संघांशी बोलतात तेव्हा नक्की जा. बाजू मांडायला जाऊ नका, एकच प्रश्न विचारा: ‘कुठल्या क्षणी तुमचं लक्ष सुटलं?’ उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. लगेच पटलं नाही तरी लिहा. आठवडाभरात सगळ्या ग्रुपने एकदा चहाला बसा आणि संहिता उघडून समासात नोंदी करा: प्रेक्षक इथे हसले, इथे खोकले, इथे चुळबुळले. ही नोंद ताजी असतानाच होते, नवरात्र आलं की विसरायला होतं.

त्यानंतर काम बदलून बघा. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेत नाटकाबरोबर गाणं, वाद्यं, नाच, चित्र अशा सगळ्या कलांना जागा असते. ज्याने पुरुषोत्तमला भूमिका केली त्याने तिथे लाइट्सवर बसावं, म्युझिकवालीने चार वाक्यांची का होईना भूमिका मागावी, नटाने एक प्रवेश लिहून आणावा. नव्या खुर्चीवर बसलं की पोटातला गोळा पुन्हा येईल, आणि त्याला काय काम द्यायचं हे तुम्ही पहिल्या दिवसापासून शोधायला लागाल. सीनियरने ‘यंदा काय करणार?’ विचारलं, की जे काम गेल्या वेळी लांबून बघताना सगळ्यात अवघड वाटलं होतं, त्याचं नाव घ्या.